शेवटची सोळा पानं

फुटबॉलवरचं काही चांगलं वाचायला सांगा, असं कुणी म्हणालं की हल्ली मला आधी दमल्यासारखं होतं. पूर्वी होत नसे. पूर्वी मी उठायचे, तिसऱ्या कपाटाशी जायचे, खालच्या खणातून दोन-तीन पुस्तकं काढायचे आणि समोरच्याचं तोंड बघून त्यातलं एक पुढे सरकवायचे. कर्जतच्या एका लहानशा वाचनालयात उभा जन्म पुस्तकं देण्याघेण्यात गेल्यावर एवढं जमतंच. आता मी बसल्या जागेवरून कपाटाकडे बोट दाखवते आणि म्हणते, तिथे आहेत, तुमचं तुम्ही बघा. लोकांना वाटतं, बाईंची निवृत्ती जवळ आली, कंटाळल्या. कंटाळलेच आहे. पण कारण वेगळं आहे.

खरं तर फुटबॉलशी माझा काडीचाही संबंध नव्हता. चेंडूला मी आयुष्यात एकदाच लाथ मारली असेन, तीही वाळवणात आला म्हणून. पण काही वर्षांपूर्वी भिसेगावातले एक वयस्क गृहस्थ वारले आणि त्यांच्या बायकोनं एका टेंपोत घालून पुस्तकांचे सात गठ्ठे वाचनालयाला पाठवून दिले. सगळे सुतळीनं बांधलेले, सगळे फुटबॉलचे. काही इंग्रजी, काही मराठी अनुवाद. बाई स्वतः आल्या नाहीत. टेंपोवाल्याबरोबर निरोप होता, "घरात ठेवलं की ते आत्ता येतील असं वाटतं." आमच्या समितीतल्या एकांनी गठ्ठे बघून कपाळाला हात लावला. इथे क्रिकेटशिवाय कुणी काही बघत नाही, हे कोण वाचणार, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, राहू द्या. कपाटात खालचा खण रिकामा होता.

पुस्तक आलं की त्यात काय आहे हे चार ओळींत एका चिठ्ठीवर लिहून आतल्या पानाला चिकटवायचं, ही माझी पद्धत. आणि वाचल्याशिवाय चिठ्ठी लिहायची नाही, हा माझा हट्ट. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! त्या पावसाळ्यात मी सातही गठ्ठे वाचून काढले. इंग्रजी वाचताना शेजारी डिक्शनरी असायची. ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून नीट सांगता येणार नाही, पण त्यावरून माणसं किती भांडतात आणि ते भांडण किती वर्षं पुरतं, ते सांगता येईल.

तर विचारलंच आहे म्हणून सांगते. गोलरक्षकांची आत्मचरित्रं आधी वाचा. तो माणूस बराच वेळ एकटा उभा असतो, त्याला विचार करायला सवड मिळते. शिवाय त्यानं अडवलेले शंभर चेंडू कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि सुटलेला एक सगळ्यांच्या लक्षात राहतो. घरातल्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. एका गोलरक्षकानं हातातून निसटलेल्या एका चेंडूवर चार पानं लिहिली आहेत. तेवढ्या चार पानांसाठी ते पुस्तक मी अनेकींना दिलं आणि एकीनंही ते न वाचता परत आणलं नाही.

गोल करणाऱ्या मोठमोठ्या खेळाडूंची पुस्तकं जरा जपून घ्या. ती बहुतेक दुसऱ्या कुणी तरी लिहून दिलेली असतात. अर्ध्या पुस्तकात गाड्या आणि बंगले, उरलेल्या अर्ध्यात आभार. त्यावर माझी एक सोपी परीक्षा आहे. मध्ये गुळगुळीत कागदावर फोटो असतात ना, ते चाळायचे. हरलेल्या सामन्याचा एकही फोटो नसेल, तर पुस्तक जागच्या जागी ठेवून द्यायचं.

प्रशिक्षकांची पुस्तकं मला झेपली नाहीत. प्रत्येक जण उंटावरून शेळ्या हाकतो. पण एका पंचाचं लहानसं पुस्तक आहे, ते चुकवू नका. चुकीची पेनल्टी दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच गावात दूध आणायला कसं जायचं, हा त्याच्या पुस्तकाचा खरा विषय आहे. आणि एका राखीव खेळाडूचं आहे, वर्षानुवर्षं बाकावर बसून राहिलेल्याचं. ते मी बदलीची वाट बघून थकलेल्या एका तलाठ्यांना दिलं होतं. त्यांनी ते दोनदा नेलं आणि बदली झाल्यावर पेढे देताना त्या खेळाडूचीही चौकशी केली, जसा काही तो आमच्या शेजारी राहतो.

इथवर बरं चाललं होतं. पुढचं सांगायचं तर आमच्या वाचनालयाची एक सवय आधी सांगायला हवी.

आमच्याकडे चार महिने पाऊस आणि पुढे दोन महिने भिंतीतली ओल. गोंदानं चिकटवलेली पुस्तकं या हवेला टिकत नाहीत. आधी कव्हर सुटतं, मग शेवटची पानं जातात. पहिली पानं का कोण जाणे तग धरतात, शेवटची नेमकी जातात. मग ती पुस्तकं मी बाइंडिंगला खालापूरला पाठवते. तिथे एक म्हातारे बाइंडर आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. हात इतका स्वच्छ की त्यांनी शिवलेलं पुस्तक आमच्या सगळ्यांच्या नंतरही उरेल. पुस्तक छापताना सोळा पानांचा एक तुकडा होतो, त्याला ते फर्मा म्हणतात. शेवटचा फर्मा गेलेला असला की चाचा तेवढीच कोरी पानं त्या जागी शिवून देतात, म्हणजे पुठ्ठा नीट बसतो आणि पुस्तक ढिलं पडत नाही.

पण वाचणारा कोऱ्या पानाशी येऊन थांबतो, त्याचं काय? तो माझ्याकडे येतो. आमच्याकडे ही रीतच पडून गेली. कादंबरी अर्ध्यावर संपली की टेबलाशी यायचं आणि विचारायचं, "बाई, पुढं काय झालं?" आणि मी शेवट सांगायचा. मला बहुतेक शेवट पाठ असायचे. दुपारच्या वेळी तर तीन-तीन बायका पदर खोचून उभ्या राहायच्या, शेवट ऐकायला.

आता कबूल करते, सगळे शेवट मी होते तसे सांगितले नाहीत. जिची सून माहेरी निघून गेली होती, तिला मी कादंबरीतली सून परत आणून दिली. एका विधवा बाईंना एका खुनाच्या गोष्टीतला नवरा जिवंत ठेवून दिला. त्यात रहस्यच उरलं नाही, पण बाई खूश होऊन गेल्या. एवढ्यानं कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं. उलट मनातून जरा अभिमानच होता. लेखकानं हात आखडता घेतला तिथे मी सढळ हातानं दिलं, असं काहीसं.

कळंबची ती मुलगी पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या काखेत कुबडी होती. वय बावीस-तेवीस. कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळायची, पुढच्या फळीत. एका सामन्यात गुडघ्यातला लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, नऊ महिने खेळायचं नाव काढायचं नाही. खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीला उतरायचं तिनं ठरवलं होतं, आणि घरातल्या सगळ्यांनी तिच्या आधी ठरवलं होतं. आठवड्यातून दोनदा ती व्यायामासाठी कर्जतला यायची आणि परतीची एसटी मिळेपर्यंत आमच्या बाकावर बसून राहायची. पहिले काही दिवस ती नुसती रस्त्याकडे बघत बसली. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी उठले, तिसऱ्या कपाटाच्या खालच्या खणाशी गेले.

गोलरक्षकाचं पुस्तक तिनं दोन दिवसांत परत आणलं. "भारी हाय, मॅडम. आमची गोलकीपर पण अशीच बडबडते." मग पंचाचं नेलं. त्यावर ती चिडली. पंचाला एवढं वाईट वाटत असेल तर मैदानावर कधी दाखवत का नाय, असं तिचं म्हणणं. राखीव खेळाडूचं तिनं अर्ध्यावरच परत केलं. बाकावर बसलेल्याचं काय वाचायचं, मीच बसलेय की, म्हणाली. तिच्याशी बोलताना मलाही हुरूप यायचा. इतकी वर्षं मी फुटबॉलची पुस्तकं वाटत होते, पण फुटबॉल खेळणारं माणूस आमच्या दारात हे पहिलंच. ती मला टेबलावरच्या शिक्क्यांनी आणि डिंकाच्या बाटलीनं डाव मांडून दाखवायची. मी कळल्यासारखी मान हलवायचे.

आणि मग तिनं ते पुस्तक नेलं. मराठी अनुवाद होता, कागद हलका, भाषा जरा ओबडधोबड. परदेशातल्या कुठल्याशा लहान गावच्या खेळाडूचं आत्मचरित्र. त्याचाही गुडघा असाच गेलेला, तोच लिगामेंट. तो ऑपरेशननंतर काय काय व्यायाम करायचा, कितव्या आठवड्यात जिना चढला, कितव्या आठवड्यात पळाला, सगळं बारीकसारीक लिहिलेलं. डॉक्टर नको म्हणत असताना पाचव्या महिन्यात तो मैदानात उतरतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. चेंडू त्याच्याकडे येतो. आणि तिथे, वाक्य पुरं व्हायच्या आत, पान संपतं. पुढे चाचांनी शिवलेली सोळा कोरी पानं.

हा फर्मा माझ्याच हातून गेला होता. ओल लागून पानं एकमेकांना इतकी चिकटली होती की सुटेनात, म्हणून मीच ती रद्दीत टाकली. त्या वेळी चाचांनी विचारलंही होतं, "शेवट नाय याला बाई, तरी बांधू?" मी म्हटलं, "बांधा. विचारलं कुणी तर मी आहे ना सांगायला."

ती विचारायला आली ती एका दुपारी. कुबडी सुटली होती, पण पाय अजून जपून टाकत होती. पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, कोऱ्या पानावर हात ठेवला.

"मॅडम, पुढं? खेळला का तो परत?"

मला शेवट माहीत होता. त्याच सामन्यात, थोड्याच वेळात, तोच गुडघा परत गेला. तो पुन्हा कधी खेळला नाही. उरलेली पानं खेळ सुटल्यावरच्या त्याच्या दिवसांबद्दल होती.

मी तिच्याकडे बघितलं. ती श्वास धरून उभी होती. आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "खेळला की गं. चांगला आठ वर्षं खेळला."

आठ हा आकडा मी कुठून आणला, देव जाणे. ती हसली. टेबलावर हात आपटून हसली. तिनं तेच पुस्तक पुन्हा नावावर लिहून घेतलं आणि एसटीला गेली. मी खिडकीतून तिला जाताना बघितलं आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं.

आमच्या भागात भातकापणी झाली की खाचरं रिकामी होतात, जमीन कडक होते, आणि गावोगावी सामने लागतात. बहुतेक क्रिकेटचे, कुठे कबड्डीचे. एका खाचरात फुटबॉलचं मैदान मावत नाही, म्हणून दोन खाचरांमधला बांध फोडून एक करतात, फावड्यानं सारखं करतात आणि चुन्यानं रेघा मारतात. बांध कितीही सारखा केला तरी त्या जागी बोटभर उंचवटा राहतोच. खेळणाऱ्या सगळ्यांना तो माहीत असतो. त्या वर्षी कळंबकडच्या पोरींनी पहिल्यांदाच आपला सामना लावला होता. हे मला माहीत नव्हतं. मला कळलं ते नंतर, तिची आई आली तेव्हा.

सकाळची वेळ होती. मी नुकतंच कुलूप काढलं होतं. साधीशी बाई, हातात कापडी पिशवी. पिशवीतून दोन पुस्तकं काढून तिनं टेबलावर ठेवली.

"ताई, पोरीनं पुस्तकं धाडलीत. नाव काढून टाका बोलली तिचं."

"का गं? काय झालं?"

"गुडघा परत गेला तिचा. खाचरात म्याच होती, पोरींची. आमी नको नको बोललो. डाक्टरनी पण नऊ महिने सांगितलं व्हतं. तर बोलते कशी, त्या पुस्तकातला पाच महिन्यात उतरला, नि पुढं आठ वर्षं खेळला. मॅडमनी सांगितलंय." तिनं रिकाम्या पिशवीची घडी घातली. "बांधाच्या जागी पाय पडला नि फिरला. परत आपरेशन हाय. डाक्टर बोलले, आता नीट चालायचं बघा, खेळाचं राहू द्या."

पुढे ती जे बोलली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "तुमच्या पुस्तकांनी लई धीर दिला व्हता तिला, ताई. चार महिने हसत व्हती."

तिनं माझ्यावर एका शब्दानं ठपका ठेवला नाही. ठेवला असता तर मी भांडले तरी असते. ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. मागच्या कव्हराच्या आत एक वहीचा कागद घडी घालून ठेवलेला होता. त्यावर पेन्सिलीनं दोन रकाने. एकावर "तो", दुसऱ्यावर "मी". तो सहाव्या आठवड्यात जिना चढला, मी सहाव्यात. तो बाराव्यात पळाला, मी अकराव्यात. त्या अकराखाली तिनं दोनदा रेघ मारली होती. दोन्ही रकान्यांच्या तळाशी एकच शब्द, "मैदान".

वाचकांनी पुस्तकात पेन्सिलीनं केलेल्या खुणा मी दर शनिवारी खोडरबरानं खोडते. तो कागद मी खोडला नाही आणि टाकलाही नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला, आणि मग ड्रॉवर उघडायचंच टाळू लागले.

मनाची समजूत घालायला माणसाला फार वेळ लागत नाही. डॉक्टर नको म्हणाले होते. आईबाप नको म्हणाले होते. ती काय लहान होती? एका पुस्तकानं का कुणी खेळायला उतरतं? हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं, पोळ्या लाटताना, शिक्के मारताना. पटायचं, आणि संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागायचं. त्यातच माझे स्वतःचे गुडघे दुखायला लागले होते. वाचनालयाच्या तीन पायऱ्या चढताना मला रोज ती आठवायची.

महिनाभरानं फाटक्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन मी खालापूरला गेले. चाचा चष्मा कपाळावर सरकवून पानं जुळवत बसले होते. सहज विचारतेय असं दाखवून मी म्हटलं, "चाचा, ही कोरी पानं घालताना तुम्हाला कधी वाटत नाही, याच्यावर काहीतरी लिहून द्यावं? वाचणारा बिचारा अडकतो."

ते हसलेही नाहीत. "मी काय करतो बाई, जाडी भरून देतो. मजकूर नाय भरून देत. तो आपला नसतो." आणि पुन्हा सुई ओवायला लागले. त्यांनी मला दोनदा चहा विचारला, पण मला घेववला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली, ते पुस्तक पिशवीत घातलं आणि कळंबची एसटी धरली. रस्त्याला दोन्ही बाजूंना रिसॉर्टच्या पाट्या, मध्ये मध्ये रिकामी खाचरं. एका खाचरात चुन्याच्या रेघा अजून अर्धवट दिसत होत्या. तेच असेल की दुसरं, मी कुणाला विचारलं नाही.

ती पडवीत खाटेवर होती. पायाला मांडीपासून खाली पट्टा, खाली उशी. केस विंचरलेले नव्हते. मला बघून उठायला गेली, मी बस म्हटलं. आई चहा ठेवायला आत गेली, तेवढ्यात मी सांगून टाकलं. आणखी थोडं थांबले असते तर चहा पिऊन, तब्येत विचारून परत आले असते. मी स्वतःला ओळखते.

"तो आठ वर्षं खेळला नाही. परत कधीच खेळला नाही. त्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला. मला माहीत होतं. मी तुला खोटं सांगितलं."

ती माझ्याकडे बघत राहिली. आत भांड्यांचा आवाज चालू होता.

"का पण?"

"तुझं तोंड बघून."

"माझं तोंड बघून," ती हळूच म्हणाली. मग मान वळवून पायाकडे बघत म्हणाली, "खरं सांगितलं असतं ना मॅडम, तरी मी खेळले असते. मला माहिती हाय माझं. पण मग ती माझी चूक असती. माझा गुडघा मी घालवला, एवढं तरी माझं असतं. आता तेपण अर्धं तुमचं."

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली, पण बरं म्हणाली नाही. मला तेच योग्य वाटलं. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही एवढं कळत होतं, म्हणून मी पिशवीच्या बंदाशी चाळा करत बसले.

चहा आला. आई दोन कप ठेवून कोंबड्यांना हाकलायला मागे गेली. कप अर्धा झाल्यावर पोरगी म्हणाली, "मग त्या पानांत काय हाय? पुढं काय केलं त्यानं?"

मी आठवून आठवून सांगितलं. की दोन वर्षं त्यानं मैदानाकडे पाठ फिरवली, जाता-येता लांबचा रस्ता धरायचा. की त्याच्या बायकोनं त्याचे बूट टाकू का विचारलं आणि तो तिच्यावर ओरडला. की नंतर कधी तरी मुलाच्या शाळेत मैदानावर रेघा मारायला माणूस मिळेना, म्हणून तो गेला आणि चुन्याचं डबडं हातात घेतलं. एवढं मला नक्की आठवत होतं.

"परत चालायला लागला का नीट?"

"आठवत नाही."

"लंगडायचा?"

"खरंच आठवत नाही गं."

तिनं कप खाली ठेवला. "काय तरी सांगा की, मॅडम."

तिचा आवाज तसाच झाला होता, त्या दुपारसारखा. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. नीट चालायला लागला, मुलांना शिकवायला लागला, सुखी झाला. किती सोपं होतं! मी म्हटलं, "नाही सांगणार. माहीत नाही ते आता मी सांगणार नाही."

ती पिशवीकडे हात करून म्हणाली, "पुस्तक आणलंय का? ठेवून जा."

मी ठेवून आले. तिचं नाव मी रजिस्टरमधून काढलं नव्हतंच. येताना एसटीत बसायला जागा मिळाली तरी मी थकून गेले होते. हलकं वगैरे काही वाटलं नाही. खरं बोलल्यावर हलकं वाटतं असं म्हणतात, ते ज्याच्या खोट्याचा फटका कुणाला बसलेला नसतो त्याचं असावं.

पाऊस तोंडावर आला तेव्हा ती स्वतः पुस्तक परत द्यायला आली. दुसरं ऑपरेशन होऊन गेलं होतं. तिन्ही पायऱ्या कठड्याला धरून, एक एक करून चढली. चालताना पाय ओढत होती. भरतीचं मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं, दुसरं काही मागितलं नाही, बाकावर बसलीही नाही. "येते," एवढंच म्हणाली. पुन्हा आली तर येईल, नाही तर नाही. मी दाराकडे बघत बसायचं सोडून दिलं आहे.

ती गेल्यावर मी पुस्तक उघडलं. वाक्य तुटतं तिथे, समोरच्या पहिल्या कोऱ्या पानावर, मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिलेली होती. "पुढची पानं गेली आहेत. पुढं काय झालं ते मॅडमना विचारू नये."

खाली तिची सही. बॉलपेननं लिहिलेलं होतं, म्हणून खोडरबराचा प्रश्नच आला नाही. तशी चाचांकडे ते पान बदलून घेण्याची सोय आहे. मी घेतलं नाही.

ते पुस्तक अजून तिसऱ्या कपाटात खालच्या खणात आहे, आणि वाचण्यासारखं आहे, म्हणून जाताजाता तेही सांगून ठेवते. गेल्या आठवड्यात पळसदरीचे एक गृहस्थ ते हातात धरून टेबलाशी आले आणि जरा ओशाळून म्हणाले, "बाई, हे इथं असं लिहिलंय खरं. पण खेळला का हो तो परत?"

मी चष्मा काढून पुसला आणि त्यांना ती ओळ पुन्हा दाखवली.